रोमन नाणं सापडलं म्हणजे नेमकं काय सापडलं? सातारा-सांगलीच्या प्राचीन इतिहासाकडे बघण्याची एक पद्धत



मी प्राचीन व्यापारावर संशोधन करतो हे कळलं की आमच्या भागातले लोक हमखास एक प्रश्न विचारतात, "आपल्याकडे रोमन आले होते का हो?" कोणाच्या देवघरात जुनं नाणं असतं, कोणी नांगरटीत सापडलेला तुकडा जपून ठेवलेला असतो, कोणी पेपरात वाचलेलं असतं. प्रश्न चांगलाच आहे. पण 'रोमन नाणं सापडलं' आणि 'इथे रोमन आले होते' या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे. ते अंतर कसं पार करायचं आणि कुठे थांबायचं, हेच आमच्या विषयातलं खरं काम.

पीएचडीची तयारी करणाऱ्या, नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी आजचा लेख आहे. उदाहरणं सातारा, सांगली आणि आजूबाजूच्या भागातली घेतली आहेत, पण पद्धत कुठल्याही जिल्ह्याला लागू पडेल.

आधी नकाशा नीट करून घेऊ

संशोधनाला बसलात की पहिली अडचण इथेच येते. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्याला 'सांगली' हे नाव मिळालं. म्हणजे त्याआधीच्या नोंदींत वाळवा, तासगाव, खानापूर या भागातली वस्तू 'सातारा जिल्हा' म्हणूनच नोंदलेली असणार. १८८५ चं साताऱ्याचं गॅझेटिअर उघडलंत तर त्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग भेटेल.

त्यात पुन्हा संस्थानांची भानगड. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं मुंबई इलाख्याच्या थेट कारभारात नव्हती. तिथे काही सापडलं तर कागद संस्थानच्या दप्तरात. त्यामुळे "सांगली जिल्ह्यात अमुक नाणी सापडल्याची नोंद नाही" असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी ती नोंद कोणत्या नावाखाली आणि कोणत्या दप्तरात असू शकेल, याची यादी करा. नुसत्या 'सांगली' या शब्दावर शोध घेतला तर १९६० च्या आधीचं निम्मं जग हातातून निसटतं.

एका नाण्याची पाच वयं

आता मुख्य मुद्दा. आपण नाण्याकडे बघून एकच तारीख विचारतो, "कधीचं आहे?" खरं तर प्रश्न पाच आहेत.

पहिला, नाणं पाडलं कधी? हे सगळ्यात सोपं. रोमन नाण्यावर सम्राटाचं नाव, पदव्या आणि चेहरा असतो. ऑगस्टस, टायबेरियस, नीरो यांची कारकीर्द आपल्याला माहीत आहे, त्यामुळे काळ बराच अचूक सांगता येतो. वजनही मदत करतं. चांदीचं दिनारियस आधी साधारण ३.९ ग्रॅमचं होतं, इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने ते ३.४ ग्रॅमच्या आसपास आणलं आणि चांदीतली भेसळही वाढवली. सोन्याचं ऑरियस पावणेआठ ग्रॅमवरून सव्वासात ग्रॅमच्या आसपास आलं.

दुसरा, ते भारतात आलं कधी? हे पाडल्याच्या वर्षी नव्हे. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या दोन-तीन ठरावीक प्रकारांचंच प्रमाण प्रचंड आहे. नीरोनंतरची हलकी चांदी इकडे फारशी येत नाही. इथल्या व्यापाऱ्याला कस कळत होता आणि तो चांगलं जुनं नाणंच मागून घेत होता, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तसं असेल तर टायबेरियसचं नाणं टायबेरियस मेल्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनीही आलेलं असू शकतं.

तिसरा, इथे त्याचा वापर कसा झाला? नाणं म्हणूनच वापरलं असेल असं नाही. काही नाण्यांना भोकं पाडलेली असतात, काहींना कडी जोडलेली असते, म्हणजे ते गळ्यात गेलं. तमिळनाडूत पुदुकोट्टई इथे १८९८ साली सोन्याची ५०१ रोमन नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे. म्हणजे ती चलनातून बाद केली होती. आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. पेशवाईतली 'पुतळी' आठवा. मुळात ते व्हेनिसचं सोन्याचं नाणं, पण मराठी घरात ते पुतळ्यांची माळ होऊन राहिलं. उद्या कोणी उत्खननात पुतळी सापडली म्हणून "इथे व्हेनिसचे लोक राहत होते" असं लिहिलं तर आपण हसू. रोमन नाण्याबाबत मात्र हेच वाक्य आपण बिनधास्त टाळ्या घेत म्हणतो.

चौथा, ते जमिनीत गेलं कधी? इथे एक नियम पाठ करून ठेवा. नाण्यांचा ठेवा त्यातल्या सगळ्यात शेवटच्या नाण्याच्या आधी पुरलेला असू शकत नाही. नंतर किती काळाने पुरला, ते मात्र नाणं सांगत नाही. जुनी नाणी किती काळ फिरत राहतात, याचा पुरावा त्या काळातच आहे. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा पहिल्या शतकातला ग्रीक भाषेतला व्यापारी मार्गदर्शक सांगतो की भडोचला अजूनही मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्रम्म चालतात. मिनँडर त्याच्याही सुमारे दोनशे वर्षं आधीचा!

पाचवा, ते सापडलं कधी, कोणाला आणि कसं? बहुतेक विद्यार्थी हा प्रश्न सोडून देतात. पण पुराव्याचं वजन इथेच ठरतं. उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळालेलं एक झिजलेलं नाणं हे बाजारातून आलेल्या वीस चकचकीत नाण्यांपेक्षा जास्त बोलतं. "अमुक गावचं आहे म्हणे" यातलं 'म्हणे' किती मोठं आहे, हे आधी ठरवायला हवं.

ही पाच वयं एका तक्त्यात पाच रकाने करून लिहायची सवय लावा. रिकामे राहिलेले रकाने तुम्हाला तुमच्या निष्कर्षाची मर्यादा दाखवतील.

कृष्णेचं खोरं एकच, मग चित्र वेगळं का?

आता एक कोडं बघू. दक्षिण भारतात रोमन नाण्यांचे मोठे ठेवे मिळतात ते प्रामुख्याने कोइमतूरच्या पट्ट्यात आणि पुढे आंध्र-तेलंगणात. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ले इथे तर चांदीची दीड हजारांहून अधिक नाणी एका ठिकाणी मिळाली. कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंड्यालाही रोमन सोनं मिळालं आहे. म्हणजे कृष्णेच्या खालच्या अंगाला रोमन नाणी आहेत.

वरच्या अंगाला, म्हणजे महाबळेश्वर-वाई-कराड-सांगली-मिरज या पट्ट्यात आणि एकूणच पश्चिम महाराष्ट्रात, असे हजार-दीड हजारांचे चांदीचे ठेवे दिसत नाहीत. आपल्या भागाच्या सगळ्यात जवळचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सोलापूरजवळचं दारफळ. तिथे एकोणिसाव्या शतकात सोन्याची रोमन नाणी मिळाली. ती अँटोनायनस पायसपासून सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंतची. सेव्हेरसची कारकीर्द इ.स. १९३ ते २११. म्हणजे वर सांगितलेल्या नियमानुसार हा ठेवा दुसऱ्या शतकाच्या अगदी शेवटी किंवा त्यानंतर पुरला गेला. सातवाहन सत्तेचा तो उतरता काळ.

गंमत अशी की व्यापाराचे बाकीचे पुरावे पश्चिम महाराष्ट्रात भरपूर आहेत. पेरिप्लसमध्ये पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे, सोपारा, कल्याण, चौल आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांची दानं देणाऱ्यांत स्वतःला 'यवन' म्हणवणारे धेनुकाकटचे लोक आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. एवढा पैसा आला तर गेला कुठे?

याची चार उत्तरं दिली जातात. प्रत्येकाला कसं तपासायचं तेही सोबत बघू.

एक, नाणी वितळवली. इथे सातवाहन आणि क्षत्रप यांची स्वतःची नाणी चालत होती, त्यामुळे परकं नाणं म्हणजे फक्त कच्चा धातू. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली मिळालेला ठेवा यासाठी नेहमी सांगितला जातो. नहपानाची चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. शत्रूचं नाणंही तसंच चालू न देणारी सत्ता रोमन नाणं चालू देईल का, हा युक्तिवाद. तपासायचं कसं? क्षत्रप आणि सातवाहन चांदीचं धातुपरीक्षण करून. त्यातले सूक्ष्म घटक रोमन चांदीशी जुळतात का, ते बघता येतं.

दोन, नाणी बंदरातच बदलली गेली. पेरिप्लस सांगतो की भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक पैशाशी नफ्याने बदलता येतात. तसं असेल तर घाट चढून कराडला पोचत होते ते स्थानिक पैसे. यासाठी बंदरांच्या परिसरातली आणि देशावरची नाणी वेगवेगळी मोजून तुलना करावी लागेल.

तीन, मोबदला वस्तूंत होता. त्याच ग्रंथात भडोचच्या आयातीत इटलीची दारू, पोवळं, काच, आणि तांबं, कथील, शिसं यांची नावं आहेत. शिसं हा शब्द अधोरेखित करा. सातवाहनांची आणि कोल्हापूरच्या कुर राजांची, म्हणजे विळिवायकुर, सिवलकुर यांची नाणी मोठ्या प्रमाणात शिशाची आहेत. रोममधून आलेलं काही शिसं आपल्याच राजांच्या नाण्यांत दडलेलं असू शकतं. शिशाच्या समस्थानिकांवरून ते कोणत्या खाणीतलं, याचा अंदाज बांधता येतो. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या नाण्यांवर असं काम करायला भरपूर वाव आहे. विषय शोधताय ना? हा घ्या.

चार, नाणी मिळाली पण नोंदली गेली नाहीत. चांदी-सोनं सापडलं की ते आधी सोनाराकडे जातं, हे सांगायला कोणा विद्वानाची गरज नाही. मात्र हे उत्तर जपून वापरा. सोनार तर कोइमतूरलाही होते. नोंद न होण्याचं प्रमाण आपल्याकडेच जास्त का, हे दाखवता आलं तरच हा मुद्दा उभा राहतो.

लक्षात घ्या, ही चारही उत्तरं एकाच वेळी थोडी थोडी खरी असू शकतात. व्हायवामध्ये "सातवाहनांनी सगळी नाणी वितळवली" असं एका दमात सांगणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न येतोच, "पुरावा?"

उषवदाताचा हिशोब

थोडं गणित करू. नाशिकच्या लेणी क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा उल्लेख आहे आणि तिथेच हिशोब दिला आहे, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण. ७०,००० ला ३५ ने भागलं की बरोबर २,०००.

प्रश्न असा की हे 'सुवर्ण' कोणतं? त्या काळी दख्खनमध्ये स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं जात नव्हतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात ते कुषाण सोनं, काही म्हणतात रोमन ऑरियस.

चला, तपासून बघू. नहपानाचं चांदीचं नाणं ढोबळमानाने २.२ ग्रॅम धरा. ३५ नाण्यांची चांदी झाली ७७ ग्रॅम. ऑरियस ७.८ ग्रॅमचं धरलं तर एका ग्रॅम सोन्याला साधारण १० ग्रॅम चांदी. रोममध्ये एका ऑरियसला २५ दिनारियस मिळत, म्हणजे ऑगस्टसच्या काळात २५ गुणिले ३.९, साडेसत्त्याण्णव ग्रॅम चांदी, म्हणजे १ ला साडेबारा. याचा अर्थ चांदीला आपल्याकडे रोमपेक्षा जास्त भाव होता. मग रोमन व्यापारी चांदी घेऊन इकडे का येत होता, ते आपोआप सुटतं. छान जमलं की नाही?

इथेच थांबा. आता ऑरियसच्या जागी कुषाण सोन्याचं नाणं ठेवा. ते साधारण ८ ग्रॅमचं असतं. ७७ भागिले ८, उत्तर साडेनऊच्या थोडं वर. म्हणजे दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच! आपण जे सिद्ध करायला निघालो तेच आधी गृहीत धरलं होतं, आणि गणिताने आपल्याला फक्त होकार दिला. भावाचा अंदाज कदाचित टिकेल, पण 'सुवर्ण म्हणजे रोमन नाणं' हे या हिशोबाने सिद्ध होत नाही. आकडे आले की निष्कर्ष भक्कम वाटतो, म्हणून गृहीतक बदलून एकदा पुन्हा गणित करायचंच, ही सवय लावून घ्या.

नाण्याशिवायचं रोम

नाणी कमी असली तर बाकीच्या वस्तूंकडे वळावं लागतं. आपल्या शेजारचं कोल्हापूर इथे मदतीला येतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला आणि पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्या साठ्यातली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी मूर्ती प्रसिद्ध आहे, ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. बघितली नसेल तर एकदा जाऊन याच.

पण त्या साठ्यात इथल्या घडणीच्या वस्तूही होत्या. अभ्यासकांनी पुढे एकेक वस्तू वेगळी करून बाहेरची कोणती, इथली कोणती हे ठरवलं. 'रोमन साठा' असं सरसकट लेबल लावणं सोपं होतं, पण खरं चित्र मिश्र होतं. समुद्रापलीकडचा देव आणि इथली घरगुती भांडी एकाच ठिकाणी. मला तर ते मिश्रणच जास्त महत्त्वाचं वाटतं. ती मूर्ती ज्याच्याकडे होती त्याला पोसायडन कोण हे माहीत होतं की ती नुसती सुंदर परदेशी वस्तू होती?

तेर, नेवासे, कोंडापूर अशा ठिकाणी टायबेरियसच्या नाण्याची नक्कल असलेली मातीची छोटी पदकं मिळाली आहेत, गळ्यात अडकवायला छिद्र किंवा कडी असलेली. ज्याला सोन्याचं परवडत नव्हतं त्याने मातीचं घातलं. म्हणजे रोमन सम्राटाचा चेहरा आपल्याकडे 'फॅशन' झाला होता! इथे रोमन माणूस नाही, रोमन पैसाही नाही, आहे ती इथल्या कुंभाराची आणि गिऱ्हाइकाची आवड.

आणि एक इशारा. पश्चिम भारतातल्या अनेक स्थळांवर 'रोमन अँफोरा', म्हणजे दारू-तेलाच्या उंच कुंभांचे तुकडे, मिळाल्याचं जुन्या अहवालांत आहे. अलीकडे रोबर्टा टॉम्बर यांनी हे तुकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यातले बरेच मेसोपोटेमियाकडचे, आखाती व्यापारातले निघाले. म्हणून जुन्या अहवालात 'रोमन' शब्द दिसला की तो कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर लिहिला, ते बघायचं.

कराडचा लोखंडाचा व्यापारी

आता कराडकडे येऊ. पेरिप्लसमध्ये कराडचं नाव नाही. रोमन नाण्यांच्या प्रसिद्ध याद्यांतही कराड झळकत नाही. मग या कथेत कराडला जागा नाही का?

आहे, आणि मोठी आहे. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर 'करहकट' निगमाने, म्हणजे कराडच्या नगराने किंवा व्यापारी मंडळाने, दिलेल्या दानाचा लेख आहे. हा स्तूप इ.स.पूर्व काळातला. रोमन व्यापाराची भरती येण्याआधीच कराडचे लोक एकत्र येऊन इतक्या लांब दान देण्याएवढे सधन आणि संघटित होते.

दुसरा लेख कुडा लेण्यांतला. ही लेणी रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीजवळ. तिथे एका लेण्याचा दाता आहे महिक. तो स्वतःची ओळख देतो कराडचा राहणारा, 'लोहवाणिय', म्हणजे लोखंडाचा व्यापारी.

हा एक छोटासा लेख किती गोष्टी सांगतो बघा. देशावरचा माणूस, घाट उतरून खाडीकाठी. धंदा लोखंडाचा. दान द्यायला हातात पैसा. आणि परमुलखातही आपल्या गावाचं नाव लावण्याचा अभिमान. कराडच्या आगाशिव डोंगरातली साठेक लेणी, वाईजवळची, शिरवळची लेणी आणि पलीकडे कोकणातली चिपळूण, महाड, कुडा इथली लेणी नकाशावर मांडा. कुंभार्ली, वरंधा अशा घाटांच्या दोन्ही बाजूंना ती उभी दिसतील. बंदर आणि देश यांना जोडणारा रस्ता इथल्या माणसांनी चालवलेला होता.

आपल्या भागाच्या इतिहासात मला खटकणारी गोष्ट इथेच आहे. एखादं रोमन नाणं मिळालं की आपण रोमन व्यापाऱ्याची गोष्ट रंगवतो, त्याची जहाजं, त्याची दारू, त्याचं सोनं. आणि कुड्याच्या भिंतीवर स्वतःचं नाव, गाव, धंदा लिहून ठेवणारा महिक मात्र कोणाला माहीत नसतो. कराडच्या किती शाळांमधून त्याचं नाव घेतलं जातं? रोमन नाणं हे त्याच्या जगाचा पुरावा म्हणून वाचलं तर त्या नाण्याची किंमत वाढते.

दगडी चक्रव्यूह आणि नाण्यावरचं चित्र

सध्या चर्चेत असलेला एक विषय घेतो. २०२५ च्या अखेरीस सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या माळरानावरच्या १५ फेऱ्यांच्या गोल दगडी चक्रव्यूहाच्या बातम्या आल्या. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातही अशा लहान रचना आहेत. क्रीट बेटावरच्या नाण्यांवर असंच चक्रव्यूहाचं चित्र असतं, त्यामुळे या रचना रोमन काळातल्या व्यापारी मार्गाच्या खुणा असाव्यात, अशी मांडणी अभ्यासकांनी केली आहे.

मांडणी रोचक आहे, आणि ती तपासण्याजोगी आहे. आपली पाच वयांची पट्टी इथेही लावा. क्रीटचं ते चित्र ग्रीक काळापासूनचं, म्हणजे चित्राचं वय आणि व्यापाराचं वय वेगळं. चक्रव्यूहाची आकृती भारतात मंदिरांच्या शिल्पांत आणि लोकपरंपरेतही आहे, म्हणजे ती रचना नंतरच्या काळातही मांडली गेली असू शकते. उघड्यावर मांडलेल्या दगडांना स्वतःची तारीख नसते. दगडांखालच्या मातीवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे. आसपास सातवाहनकालीन खापरं मिळतात का, तेही बघता येतं. तोपर्यंत हे 'गृहीतक' आहे, आणि गृहीतक असणं यात काही कमीपणा नाही. तोवर गाववाल्यांनी ते दगड बांधाला वापरू नयेत, एवढं मात्र आत्ताच सांगायला हवं.

नाणं हातात आलं तर

शेवटी व्यवहाराचं बोलू. क्षेत्रभेटीत कोणी तुम्हाला जुनं नाणं दाखवलं तर:

- ते घासू, चिंचेने धुऊ नका आणि धुऊ देऊ नका. वरचा थर गेला की पुरावा गेला.
- दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह घ्या. वजन आणि व्यास लिहा. भोक, कडी, घाव, झीज यांची वेगळी नोंद करा.
- नेमकं कुठे मिळालं ते विचारा. गाव, शिवार, गट नंबर, किती खोल, सोबत खापर, विटा, हाडं काय होतं. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा.
- विकत घेऊ नका. तुमचा एक व्यवहार दहा जणांना खणायला लावतो.
- कायदा समजावून सांगा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरतात की सरकार फुकट घेऊन जाईल. पण सरकारने ठेवा संपादित केला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. हे कळलं की बरीच माणसं मोकळेपणाने बोलतात.

आणि प्रबंधाचा विषय निवडताना 'सातारा-सांगलीतील रोमन नाणी' असा ठेवू नका. तसा विषय घेतला की तुम्ही नाणी शोधत फिराल आणि नाही मिळाली की अडकाल. त्याऐवजी असा प्रश्न घ्या: इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स. तिसरं शतक या काळात कराडचा माल कोणत्या घाटाने कोणत्या बंदरात जात होता, आणि मोबदल्यात काय परत येत होतं? यात रोमन नाणं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी लेणी, लेख, शिशाची नाणी, खापरं, घाटवाटा एवढं सगळं हाताशी आहे, आणि ते बघायला कराडहून एसटीने निघालं तरी पुरतं.

पुढच्या लेखात कुर राजांच्या नाण्यांवरचं धनुष्यबाण आणि चैत्य यांची चिन्हं कशी वाचायची ते बघू. तोपर्यंत तुमच्या तालुक्याचं जुन्या गॅझेटिअरमधलं पान एकदा काढून वाचा, आणि तेव्हा तुमचं गाव कोणत्या जिल्ह्यात होतं तेही बघून ठेवा.